टाकीचा उपसा

घराच्या मागच्या अंगणाला आमच्याकडे मागीलदार म्हणतात. आमच्या मागीलदारी जे काही होतं, त्याला पोहण्याचा तलाव म्हणणारा घरात एकटा माझा धाकटा भाऊ. मी आणि भावजय त्याला टाकी म्हणायचो. ते भावाला झोंबायचं, म्हणून मुद्दाम म्हणायचो. शेवटी तोही टाकीच म्हणायला लागला.

निळ्या फायबरची टाकी होती ती. साच्यातून काढलेली, अख्खी, ट्रकवर चढवून कोल्हापूरहून घाट उतरून आणलेली. कसालच्या नाक्यावर ट्रक वळेना तेव्हा अर्धा बाजार जमला होता, आणि एवढी मोठी होडी खाडीत घालणार की दर्यात, असं कोणीतरी भावाला विचारलं होतं. भाऊ हसला नाही. त्याने पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. पुण्या-मुंबईच्या माणसांना समुद्र बघायला आवडतो, पण पोहायला निळं पाणीच लागतं, असं त्याचं ठाम मत होतं. वालावलपासून थोडं पुढे, खाडीच्या काठाला आमचं भाट, म्हणजे माडांची बाग. मागीलदार संपलं की माडांची रांग आणि माडांच्या पलीकडे खाडी. भर उन्हाळ्यात, जमीन खडखडीत असताना त्याने खड्डा खणून घेतला, टाकी त्यात बसवली, कडेने वाळू दडपली आणि वर चिऱ्याच्या लाद्या लावल्या.

मी तेव्हा शाळेतून निवृत्त होऊन नुकतीच माहेरी राहायला आले होते. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान. आई गेली तेव्हा तो धड शर्टाची बटणंही लावत नव्हता. त्याला भरवण्यापासून बदडण्यापर्यंत सगळं मीच केलं. त्यामुळे तो कुठे वर चढला किंवा खाली उतरला की माझा जीव टांगणीला लागतो. तो पन्नाशीला आला, केस पिकले, तरी हे गेलेलं नाही. आणि चढणं-उतरणं हा तर त्याचा धर्मच. वाडीतल्या सगळ्यांच्या विहिरींत उतरणारा तोच.

पहिले काही महिने टाकी खरंच निळी होती. पाहुणे आले, डुंबले, फोटो काढले. मग ती टाळेबंदीची वर्षं आली आणि माणसं यायची थांबली. फिल्टर जळला तो कोणी दुरुस्त केला नाही. फणसाची पानं, आंब्याचा मोहर, माडाचा फुलोरा, सगळं टाकीत पडत राहिलं. पावसाने ती तुडुंब भरली, उन्हाने थोडी उतरली, पुन्हा भरली. पाणी आधी पोपटी झालं, मग हिरवं, मग असं काळपट हिरवं की आत हात घातला तर कोपर दिसेना. कडेच्या भिंतींना शेवाळ धरलं, ते वाढत गेलं आणि पाण्यात लोंबायला लागलं. वाऱ्याशिवायही ते हलायचं. मी शाळेत विज्ञान शिकवलेलं आहे, शेवाळ म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. तरी संध्याकाळी कपडे काढायला मागे गेले की टाकीकडे पाठ करायला मला आवडायचं नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आमचा कुत्रा त्यात पडला. सकाळी दिसला तेव्हा तरंगत होता. त्याच्या नख्यांनी शेवाळावर ओरखडे काढलेले होते, सबंध कडेने, पार कोपऱ्यापर्यंत. तो गोल गोल फिरला होता आणि त्याला कुठेच पाय रोवता आला नव्हता. पाऊस एवढा होता की आम्हाला भुंकणं ऐकूही आलं नाही. भाऊ त्या दिवशी जेवला नाही. भावजय कुत्र्याला पुरून आली, हातपाय धुतले आणि तिने नवऱ्याला सांगितलं, "ही टाकी एक तर साफ करा, नायतर बुजवा. मी हिच्या बाजूक रवाचंय नाय."

माझी भावजय मालवणकडची, दर्यावरची. तिच्या माहेरी मासे मारणं आणि विकणं पिढ्यान् पिढ्या. ती पाण्याला भिते असं मी कधी पाहिलं नव्हतं. ती भ्याली म्हटल्यावर मीही भ्याले.

बुजवायची तर भावाची तयारी नव्हती. दिवाळीत पुण्याची एक मंडळी यायची होती, पुष्कळ वर्षांनी पहिलीच, आणि त्यांनी फोनवर टाकीचं विचारलं होतं. मग साफसफाई सुरू झाली. विहिरीत टाकतो ती पांढरी पावडर त्याने टाकीत ओतली. वासाने डोळे चुरचुरले, वरचं शेवाळ पिवळं पडलं आणि चारच दिवसांत त्याच्या खालून नवीन हिरवं वर आलं. तुरटी फिरवली. भावजयीने माहेरून जुन्या जाळ्याचा तुकडा आणला, त्याला शिशाच्या गोळ्या तशाच होत्या. ती एका कडेला, मी दुसऱ्या, असं आम्ही ते जाळं पाण्यातून ओढत नेलं आणि शेवाळाचे लगदेच्या लगदे काठावर काढले. मेलेले बेडूक, एक चप्पल, कुजलेला नारळ, काय काय आलं. मला तर मनातून ते काम आवडायला लागलं होतं. पण सकाळी उठून बघावं तर पाणी होतं तसंच. जणू आम्ही त्याला हातच लावला नव्हता.

"बाय, ह्या पाणी मेला," भाऊ मला म्हणाला. "आता उपसूकच व्हया."

आता हे उपसणं म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे पाण्यावर एकच औषध: उपसा. दर वैशाखात विहीर उपसतात. मोटर लावून सगळं पाणी काढायचं, तळाला माणूस उतरवायचा, त्याने गाळ भरून द्यायचा, भिंती घासायच्या. मग तळाच्या दगडांतून झरे दिसायला लागतात आणि वर उभी असलेली माणसं खूश होतात. नवं पाणी आपोआप भरतं. माझ्या आज्याने हेच केलं, बापाने हेच केलं. विहीर उपसल्याने बिघडली असं कोणी कधी ऐकलेलं नाही. पाणी खराब झालं तर ते काढून टाकायचं, यात विचार करण्यासारखं काही असतं असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. मलाही नाही.

विहिरीत माणूस उतरतो तेव्हाचा एक रिवाजही आहे. उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी बांधायची आणि दोरी धरणाऱ्याने वरून सतत बोलत राहायचं. काहीही बोलायचं, पण गप्प बसायचं नाही. खालच्याने मधून मधून ओ द्यायची. ओ आली नाही की विचार न करता ओढून काढायचं, कारण तळाला हवा खराब असते आणि माणूस आवाज न करता बसल्या जागी जातो. भाऊ उतरायचा तेव्हा हे बोलण्याचं काम नेहमी माझ्याकडे. तो म्हणायचा, बायचं तोंड शाळेत तयार झालेलं आहे, बंद पडत नाही.

उपशाला दिवस निघाला तो कोजागिरीचा. मुद्दाम नव्हे. मोटर उसनी आणायची होती, ती त्याच दिवशी मोकळी होती. पाऊस जाऊन फार दिवस झाले नव्हते. भाटात पाय ठेवला तर टाच रुतून पाणी वर येत होतं. पौर्णिमेमुळे खाडीला उधाणाची भरती होती, माडांच्या मुळांशी लाटा नव्हत्या, पण पाणी चुळबुळत होतं. आमची विहीर काठोकाठ होती, वाकून कळशी बुडवावी इतकी. हे सगळं आम्हाला दिसत होतं. भरतीला विहीर चढते आणि सुकतीला उतरते हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

विहीर उपसण्याआधी भाऊ न चुकता नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो, जागेच्या राखणदाराला सांगतो की आम्ही उतरतो आहोत, सांभाळून घे. त्या दिवशी त्याने नारळ ठेवला नाही. मी विचारलं. या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण रोजचं माणूस रोजची गोष्ट करत नाही तेव्हा मला चैन पडत नाही.

"फायबराच्या टाकयेक कसलो राखणदार गो?" तो म्हणाला. "कोल्हापूरसून इलो काय ट्रकात बसान?"

मी हसले. आणि हसताना मला आतून बरं वाटलं नाही, हे मी नंतर बनवून सांगत नाही.

मोटर सकाळपासून चालली. खाली सोडलेल्या पाइपने पाणी ओढून माडांत सोडलं. माडाला पाणी लागलं की झालं, असा आमचा हिशेब. मोटरचा बोर्ड टाकीजवळच्याच एका माडाला बांधला होता. पाणी उतरत गेलं तशा टाकीच्या भिंती उघड्या पडत गेल्या. त्या निळ्या असतील ही आशाच सोडायची. शेवाळाचा जाड हिरवा थर, त्यावर पाण्याची बुळबुळीत चकाकी. वास असा की भावजय दार लावून स्वयंपाकघरात गेली. दुपार होत आली तेव्हा खोल बाजूच्या तळाला फक्त एक डबकं उरलं. भावाने मोटर बंद केली. त्याने बांबूची शिडी खोल बाजूला लावली, कमरेला दोरी बांधून घेतली आणि तिचा एक वेढा माडाला देऊन टोक माझ्या हातात दिलं.

"ह्यात कसली आसा रे खराब हवा, सगळी उघडीच तर आसा," मी म्हटलं.

"हवा नसांदे. घसराक तरी होता मा," तो म्हणाला. "तू आपला बोल."

तो उतरला. उतरताच दोनदा घसरला आणि मला शिव्या देऊ नको म्हणाला, जसं काही मीच घसरले होते. मग हिराचा झाडू घेऊन तो भिंत घासायला लागला. खालून निळा पट्टा दिसला तेव्हा आम्हा दोघांनाही आनंद झाला. मी बोलत राहिले. मळ्यातल्या भाताबद्दल, आमच्या मावशीच्या सुनेबद्दल, शाळेत माझ्या हाताखाली असलेल्या आणि आता मोठा गुत्तेदार झालेल्या एका टोणग्याबद्दल. तो ओ देत होता. वारा पडला होता. माडांची झावळं हलत नव्हती, आणि पक्षी गप्प होते की काय ते आठवत नाही, पण माझ्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नव्हता.

पहिल्यांदा मला दिसलं ते डबकं. ते शिडीच्या पायाशी होतं. मी मावशीच्या सुनेवर होते तेव्हा ते शिडीच्या पायाशी होतं. गुत्तेदारावर आले तेव्हा ते सरकून भावाच्या मागे गेलेलं होतं, उथळ बाजूकडे. पाणी चढावर जात नाही. मी बघत राहिले. ते आणखी जरा सरकलं, सावकाश, भिंतीवरून पाल सरकते तसं. माझं बोलणं थांबलं.

"बोल मगे," भाऊ म्हणाला.

"ता पाणी बघ," मी म्हटलं.

त्याने मागे वळून पाहिलं. त्याच वेळी टाकीच्या कडेची एक लादी कट् करून उभी राहिली. तिच्या शेजारची पण. त्यांच्या खालून वाळू सुटून आत पडायला लागली. भावाच्या पायाजवळ तळाला केसासारखी एक रेघ उमटली आणि तिच्यातून मातकट पाण्याची बारीक धार वर आली. तो वाकला आणि हसला. खरंच हसला.

"बाय, झरो गावलो," तो म्हणाला. "नवी बाव झाली आपली."

विहिरीत उतरणाऱ्या माणसाला झरा दिसला की हसूच येतं. त्याला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. त्याने ती धार बघायला एक पाऊल पुढे टाकलं आणि टाकी वर आली.

हे कसं सांगावं मला कळत नाही. जमिनीतून एक मोठी वस्तू वर येते, असं आपण कधी बघत नाही. आवाज फार मोठा नव्हता, जड कपाट सरकवल्यासारखा होता. खोल बाजूची कड माझ्या गुडघ्याच्याही वर आली. लाद्या चहूबाजूंनी कोसळल्या, शिडी कलंडून आत पडली. तळ मधोमध फुगला आणि फाटला, आणि माझ्या भावाचा उजवा पाय मांडीपर्यंत त्या फटीत गेला. तो खाली बसला. बसला म्हणजे बसवला गेला. फटीतून काळं पाणी उसळलं.

मी दोरी ओढली. तो ओरडला, कारण मी ओढत होते आणि फट सोडत नव्हती.

भावजय धावत आली. शेजारचा आमचा चुलतभाऊही आवाजाने कुंपण ओलांडून आला. तो दोरी धरून घसरत खाली गेला, भावाच्या मागे बसला, काखेत हात घालून ओढायला लागला. पाय हलेना. फायबरची तुटलेली धार दोन्हीकडून मांडीत बसली होती. पाणी भावाच्या कमरेला आलं. पोटाला आलं. भावजयीने तेच केलं जे कोणीही केलं असतं. तिने मोटर लावली.

पाइपचं तोंड खालीच होतं. पाणी झरझर उतरलं आणि आम्हाला हायसं वाटलं, अगदी क्षणभर. मग टाकी पुन्हा कण्हली. तळ आणखी फुगला, फट मिटायला लागली, आणि भावाने असा आवाज काढला की मी त्याला लहानपणापासून ओळखते, तरी तो आवाज त्याचा आहे हे मला ओळखता आलं नाही.

"मोटर बंद कर," तो म्हणाला. "पाय तुटता."

भावजयीने बटण बंद केलं. त्याचं कण्हणं कमी झालं. पाणी पुन्हा चढायला लागलं.

तेव्हा आम्हा चौघांनाही कळलं की आमच्या पुढ्यात काय आहे. मोटर चालवली तर जमिनीतलं पाणी तळ वर ढकलतं आणि त्याचा पाय कापतं. रक्त तर आधीच पाण्यात दिसत होतं. मोटर बंद ठेवली तर तेच पाणी आत येऊन त्याच्या डोक्यावरून जातं. टाकीच्या बाहेर, माडांच्या पलीकडे, भरती अजून चढत होती.

"लावू नुको," भाऊ म्हणाला. तो फटीकडे बघत होता. "पाणी गेला काय तळ खालसून वर येता. भरांदे टाकी."

"आणि मगे?" भावजयीने विचारलं.

चुलतभाऊ भावाला मागून धरून होता, मान वर उचलून. पाणी छातीला आलं. शेवाळाचे तुटलेले लगदे त्याच्या गळ्याभोवती जमा झाले. चुलतभाऊ एका हाताने ते बाजूला करत होता आणि ते पुन्हा येत होते. मला भयंकर राग आला होता. टाकीचा, कोल्हापूरचा, दिवाळीत येणाऱ्या त्या मंडळींचा, आणि सगळ्यांत जास्त माझ्या भावाचा, की याला कुठेही उतरायची एवढी हौस का म्हणून. राग आला म्हणून मी उभी राहू शकले.

"बाय," तो खालून म्हणाला, "गप कशाक ऱ्हवलंस?"

मग मी बोलायला लागले. काय बोलले ते सगळं सांगण्यासारखं नाही. आई त्याला कुठल्या नावाने हाक मारायची ते बोलले. तो पहिलीत शाळेतून पळून आला आणि गुरांच्या मांगरात गवतात लपून बसला ते बोलले. पाणी त्याच्या गळ्याला आलं. तो ओ देत होता, प्रत्येक वाक्याला, लहान मुलासारखी शिस्तीत. दोरी माझ्या हातात होती आणि तिचा काही उपयोग नव्हता.

पाणी हनुवटीला लागलं तेव्हा भावजय बोर्डाकडे वळली.

"पाय जावंदे," ती म्हणाली. "एका पायाचो घोव चलात माका."

तिचा हात बटणावर होता. बोर्ड ज्या माडाला बांधला होता, त्याच माडाला माझी दोरी होती. मी तिचं मनगट धरलं. ती माझ्यापेक्षा पुष्कळ ताकदीची. लहानपणापासून जाळी ओढलेले हात आहेत ते. तिने हिसडा दिला. मी सोडलं नाही. तिने माझ्या हाताला चावा घेतला, तरी सोडलं नाही.

"वन्सं, सोडा. तो मरतलो."

"तेणी नको म्हटल्यान ना," मी म्हटलं.

एवढंच कारण माझ्याकडे होतं. तो विहिरीत उतरला की खालचं खालच्याला ठाऊक आणि वरच्याने त्याचं ऐकायचं, असं आमच्या घरात आहे. त्या घटकेला मला ते शहाणपण वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. फक्त मनगट धरून ठेवायचं एवढं समजत होतं.

त्याचा खालचा ओठ पाण्यात गेला. त्याने तोंड आकाशाकडे केलं आणि ओ देण्यासाठी उघडलं, तसं पाणी आत गेलं आणि तो खोकला. मी ओरडून सांगितलं, "ओ देऊ नको आता. नुसता आयक." आयुष्यभर मी त्याच्याकडून ओ मागत आले. गप्प राहा असं त्याला सांगण्याची पाळी माझ्यावर पहिल्यांदा आली. तो गप्प झाला. नाक तेवढं वर होतं, आणि डोळे, आणि ते माझ्याकडे बघत होते. भावजय माझ्या हाताशी झगडत होती आणि मी त्याला सांगत होते की या खेपेला भोपळे खूप धरलेत.

मग टाकी बसली. वर आली होती तशी नव्हे, आवाज न करता, आत भरलेल्या पाण्याच्या ओझ्याने ती खाली बसली. तळाचा फुगवटा उतरला, फट सैल झाली. चुलतभाऊ अजून मागे ओढत होता, तो एकदम उताणा पडला आणि भाऊ त्याच्या अंगावर. दोघंही पाण्याखाली गेले. दोरीला हिसका बसला आणि मी आणि भावजयीने मिळून ती ओढली. त्याला काठावर काढला तेव्हा त्याचं सगळं अंग हिरवं होतं, फक्त तो पाय लाल.

कुडाळला नेलं, तिथून पुढे गोव्याला. पाय वाचला. गुडघा पूर्वीसारखा वाकत नाही, आणि तो आता कोणाच्याच विहिरीत उतरत नाही. वाडीतले लोक म्हणतात, नारळ ठेवला नाही म्हणून झालं. भाऊ त्यांना नाही म्हणत नाही. माझं म्हणणं, पाणी होतं, दुसरं कोणी नव्हतं. पाणी असणं मला पुरेसं वाटतं.

दिवाळीची मंडळी आली नाहीत, आम्हीच नको म्हणून कळवलं. टाकी अजून मागीलदारी आहे, कलंडलेली, अर्धी मातीत आणि अर्धी वर. जमीन सुकल्याशिवाय तिला हात लावायचा नाही असं ठरलं आहे. अमावास्या-पौर्णिमेला भरती चढली की ती थोडी उचलते. रात्री आम्हाला ऐकू येतं, घरातल्या तिघांनाही.

गोव्याहून घरी आणल्यावर काही दिवसांनी भाऊ पडवीत झोपला होता आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. माझ्या मनगटावरची तिच्या दातांची खूण काळी पडून हिरवट होत आली होती. तिने ती पाहिली. चहा गाळता गाळता, साधं काही सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "वन्सं, तो गेलो आसतो तर मी तुमका जित्या सोडलंय नसतंय."

"म्हायत आसा माका," मी म्हटलं.

तिने कप माझ्यापुढे ठेवला. ती समोर बसली, स्वतःचा कप हातात धरून, प्यायली नाही. बराच वेळ पडवीकडे कान देऊन होती. तो घोरतो आहे याची खात्री झाल्यावर तिने खालच्या आवाजात विचारलं, "पण तुमका म्हायत होता मा? टाकी बसतली आणि तो सुटतलो, ह्या तुमका म्हायत होता, म्हणान तुमी माझो हात धरल्यात. शाळेत शिकवलेला आसतला तुमी."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला अजून कित्येक वर्षं त्याच घरात माझ्यासोबत राहायचं होतं, त्या माणसाच्या बाजूला निजायचं होतं.

"होय," मी म्हटलं.

तिने मान हलवली, चहाचा घोट घेतला आणि त्याचं औषध काढायला उठली. मला काहीही ठाऊक नव्हतं.